आवडता नायक आणि शेजारच्या फ्रेमवरचा माणूस

संपादकांचं कार्ड आलं. या अंकासाठी प्रत्येकानं आपल्या आवडत्या नायकावर लिहायचं, आणि नायक पुस्तकातला पाहिजे, इतिहासातला नको. अट बरोबर आहे. इतिहासातला म्हटलं असतं तर आपण सगळ्यांनी एकच नाव लिहिलं असतं आणि पानापानावर तेच छापून अंक मोकळा झाला असता.

कार्ड खिशात ठेवून मी तीन रात्रपाळ्या काढल्या. मी समीक्षक नाही. बारावीनंतर कॉलेजचं तोंड बघितलं नाही, जे वाचलं ते माझं मीच वाचलं, कुणी लावून दिलं नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर कामाला आहे. आठ तास धागा तुटतो, आठ तास मी तो सांधतो. वाङ्मयीन निकष म्हणून जे काय असतं ते माझ्यापाशी नाही. माझा निकष एकच. पाळी सुटल्यावर डोळे जळत असतात, कानात मशीन चालूच असतं, तेव्हा पुस्तकातून उठून जो माणूस माझ्याबरोबर खोलीपर्यंत चालत येतो तो नायक. बाकीचे पुस्तकातच बसून राहतात. बसू देत.

असा पहिला आला फकिरा. तो मला माझ्या आज्यानं दिला.

आजा मुंबईत गिरणीकामगार होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो काही मिटला नाही, आणि आजा एक पत्र्याची पेटी घेऊन गावी परत आला. पेटीत दोन धोतरं, युनियनची पावती आणि बिनकव्हराचा ‘फकिरा’. आजा अक्षराला अक्षर लावून वाचायचा. एक ओळ वाचली की थांबून आमच्या तोंडाकडे बघायचा, कळलं का म्हणून. माळवाडीच्या मठकऱ्याचं धान्य फकिरा लुटून आणतो आणि उपाशी माणसांच्या घरात जातं, तिथं आला की आज्याचा आवाज चढायचा. त्याच्यापुढं काही दिवसांनी पुस्तक संपायचं. पुढचं पान फाटलंय म्हणायचा. मी सतरा वर्षांचा होईपर्यंत माझ्या लेखी फकिरा कधी हरलाच नव्हता.

मग ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो तेव्हा शिवाजी पार्कातल्या स्टॉलवर नवी प्रत घेतली आणि परतीच्या गाडीत उभ्यानं शेवट वाचला. फकिरा आपण होऊन सरकारच्या स्वाधीन होतो. आपली माणसं सरकारनं डांबून ठेवली म्हणून. घरी येऊन आज्याची प्रत काढून बघितली. पानं फाटलेली नव्हती. एकही नव्हतं फाटलेलं. आजा तेव्हा वारलेला होता, विचारणार कुणाला?

आता मी जे म्हणणार ते काहींना रुचणार नाही. आपल्यातला जो तो फकिराची तलवार सांगतो, घोडा सांगतो, बेडसगावचा खजिना सांगतो. जयंतीच्या भाषणात फकिरा म्हणजे नुसतं शौर्य. मला तो त्यासाठी मोठा वाटत नाही. शूर माणसं हिंदी पिक्चरमध्ये पण असतात, शुक्रवारी नवा येतो. फकिरा मोठा आहे तो दुसऱ्याच्या पोटाचा हिशेब ठेवतो म्हणून. दुष्काळात कुणाच्या चुलीत किती दिवस जाळ नाही हे त्याला ठाऊक आहे. लुटीत त्याचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न कादंबरी वाचताना पडतच नाही. आणि ज्या माणसांसाठी लूट, त्याच माणसांसाठी शेवटी तलवार खाली ठेवणं. धान्य वाटणारा आणि शरण जाणारा हे दोन फकिरा नाहीत, एकच आहे. आज्याला पहिला पाहिजे होता, दुसरा नको होता. संपातून हात हलवत आलेल्या माणसाला शरण जाण्याची गोष्ट नातवाला वाचून दाखवणं जमलं नसेल. मी त्याला दोष देत नाही. पण अर्धाच नायक दिला त्यानं मला.

एक गोष्ट मी वर्षांचे आकडे जुळवताना पकडली, ती सांगतो. ‘फकिरा’ आली १९५९ साली. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ पण १९५९ सालचीच. आणि ‘फकिरा’ला प्रस्तावना कुणाची? खांडेकरांची. म्हणजे एकाच सुमाराला मराठीत दोन नायक उभे राहिले. एक राजा, सगळं असून ज्याची वासना भरत नाही, पोराचं तारुण्य मागून घेतो. दुसरा वाटेगावचा मांग, ज्याच्या वस्तीत भाकर नाही, आणि तो स्वतःचं आयुष्य देऊन टाकतो. एक घेणारा, एक देणारा. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं, नाही असं नाही. पण ‘ययाति’वरून पिढ्यान्‌पिढ्या मास्तरांनी मानवी मनाचा तळ शिकवला, आणि फकिराला म्हणाले भडक, अद्‌भुत, रंजक. भरल्या पोटाचं दुःख ते मानवी मनाचं, आणि भुकेचं दुःख ते आमच्या एकट्याचं काय? खांडेकरांना मी वाईट म्हणत नाही. अण्णा भाऊंसाठी प्रस्तावना लिहायला मन लागतं. माझं भांडण वाचणाऱ्यांशी आहे.

आणि थोडं अण्णा भाऊंशीपण आहे. माणूस दीडच दिवस शाळेत गेला म्हणतात, मुंबईत गिरणीत राबला, त्यानं ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. त्याच्याशी भांडायचं तर हक्कानंच भांडायला पाहिजे. फकिराच्या घरातली तलवार शिवाजी महाराजांनी त्याच्या पूर्वजाला दिलेली आहे, असं कादंबरीत आहे. कशाला? फकिराचा हात पुरा पडला नसता का? १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा होता, मांगांच्या गड्यांनी हजेरी द्यायची, नाही दिली तर चोर. जन्माला आला तो गुन्हेगार. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. ज्याला जन्मतःच चोर ठरवलंय त्याला नायक करायचा तर लेखकाला वाटलं असेल, याच्या हातात कुणी नाही म्हणणार नाही अशी वस्तू दिली पाहिजे. मला अण्णा भाऊंची अडचण कळते. पण खुपतं. आपल्या नायकाला दारातून आत यायला ओळखपत्र लागतं. तलवार वरून आलेली, प्रस्तावना मोठ्या माणसाची. मुल्कराज आनंदची ‘अनटचेबल’ आली १९३५ ला, तीपण ई. एम. फॉर्स्टरची प्रस्तावना घेऊनच आली.

त्या पुस्तकातला बखा मी हिंदीतून वाचला. अठरा वर्षांचा भंगीकाम करणारा पोर. गोऱ्या शिपायांसारखे कपडे घालायची हौस. एकाच दिवसाची गोष्ट आहे. रस्त्यात जिलबी घेऊन खात चालला असताना एका लालाला धक्का लागतो, विटाळ होतो, गर्दी जमते आणि थोबाडीत बसते. जिलब्या धुळीत. त्या जिलब्यांसाठी मी लेखकाला दहा नमस्कार घालीन. थोबाडीत खाल्लेल्या पोराला अपमान आणि खाऊ दोन्हीचं दुःख एकदमच होतं, हे लिहायला छाती लागते. आणि बखाचं काम! झाडू त्याच्या हातात कसा सफाईनं चालतो ते आनंदनं बघितलंय. कामात कसबी असलेला माणूस मला नेहमीच आवडतो, माझ्या धंद्यामुळं असेल. पण बखाला शेवटी काय मिळतं? गांधींचं भाषण ऐकायला मिळतं आणि एका कवीकडून कळतं की फ्लशचं मशीन येणार आहे. त्याच १९३५ साली १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं, हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. बखाच्या कानावर तो माणूसच गेलेला नाही. कादंबरीभर बखा रागावतो आणि गिळतो, रागावतो आणि गिळतो. त्याची कीव येते मला. आणि कीव येणारा माणूस खोलीपर्यंत चालत येत नाही, रस्त्यातच मागं राहतो.

बायांचं काय, असं कुणी विचारेल, आणि विचारलंच पाहिजे. नायक म्हटलं की आपण मिशीवालेच मोजतो. उर्मिला पवारांची ‘कवच’ म्हणून गोष्ट आहे. आंबे विकणारी आई. तिच्या आंब्यांच्या नावावरून वर्गात मास्तर घाण अर्थ काढतो आणि शाळेत जाणारं पोर शरमेनं मरतं. पोराला वाटतं, आपली आई उघडी पडली. पण बाजारात दारूडे तोंड टाकतात तेव्हा ती बाई जिभेनं त्यांची सालं काढते. तिच्यापाशी ना तलवार ना घोडा. माझी आय बाजारात मेथी विकायची तेव्हा मी दोन दुकानं सोडून उभा राहायचो, ही माझी आय नव्हे असं तोंड करून. ती गोष्ट मी एकदाच वाचलीय. परत उघडली नाही.

आता बाबूराव बागूल. इथं माझं लिहिणं अडतं.

‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३. आपल्यातल्या ज्यानं वाचली नाही त्यानं हा अंक बाजूला ठेवून आधी ती वाचावी. रेल्वेच्या कामावर गुजरातेत गेलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. कवी आहे. रामचरण तिवारी त्याला डोक्यावर घेतो, घरी जेवायला नेतो. आणि त्याच कामावर काशिनाथ सकपाळ आहे. काशिनाथ काही चोरत नाही. जात पण नाही आणि राग पण नाही. कंबरेला चाकू आहे आणि कुणी वाकडं बोललं की तो बाहेर येतो. शेवटी जात फुटते, लोक त्या कवीला बदडतात, आणि वाचवायला येतो तो काशिनाथ.

बागुलांनी काशिनाथला कुठलीच तलवार वारशानं दिलेली नाही. घराणं नाही, गावचा भला पाटील नाही, भला कुळकर्णी नाही. तो सोशिक नाही, गोड नाही, त्याच्याशी कुणी दोस्ती करावी असाही नाही. भांडकुदळ आहे. पांढरपेशा समीक्षक म्हणेल, हा नायक कसला, हा तर गुंड. माझं म्हणणं, बागुलांनी मराठीत पहिल्यांदा असा माणूस आणला की जो चांगुलपणाचा दाखला न दाखवता माणूस म्हणून वागवा म्हणतो. फकिराला आपण मान देतो कारण तो आपल्यापेक्षा चांगला आहे. काशिनाथ म्हणतो, मी चांगला नसलो तरी द्या. हा फरक कळायला मला पाच वर्षं लागली.

आणि तरी संपादकांच्या कार्डावर काशिनाथचं नाव लिहायला माझा हात होत नव्हता. का होत नव्हता ते सांगतो. नाहीतर हा लेख खोटा.

मी राहतो ती खोली गिरणीपासून सायकलवर दहा मिनिटं. चौदा महिने झाले. माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं आहे. खोली बघायला गेलो तेव्हा मालकानं आधार कार्ड हातात घेतलं, आडनाव वाचलं, गाव वाचलं आणि म्हणाला, म्हणजे आपल्यातलेच ना? मी हसलो. तोंडानं हो म्हणालो नाही, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण हसणं म्हणजे होच. बाबासाहेबांचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीच्या तळाशी. आज्याचीच पेटी. ‘फकिरा’ मात्र फळीवर उघडा ठेवलाय, फकिरा चालतो. मालक एकदा चाळून म्हणाला, वा, ऐतिहासिक वाटतं. बागूल पेटीत.

सणाला मालकीणबाई पुरणपोळी देतात. चांगली माणसं आहेत. हेच तर वाईट आहे. तिवारीसुद्धा चांगलाच होता, कळेपर्यंत.

माझ्या शेजारच्या फ्रेमवर एक जण आहे. त्याचं नाव इथं घालत नाही, कारण तो पुस्तकातला नाही, उद्या त्याला पाळीवर जायचंय. मोबाईलच्या मागं निळं स्टिकर, रिंगटोन भीमगीताची, सगळ्यांना जय भीम घालतो, घेणारा घेवो न घेवो. चिडका आहे. डबा खाताना बडबडतो. खरं सांगायचं तर मला तो आवडत नाही. एका पाळीत जॉबरनं त्याला नावानं हाक न मारता ‘ए जयभीम, इकडं ये’ अशी मारली, दात काढत. यानं फ्रेम बंद केली. चालू फ्रेम बंद करणं म्हणजे काय ते गिरणीवाल्याला विचारा. हाताची घडी घालून उभा राहिला, म्हणाला, जय भीम घालायचा असेल तर नीट घाल, आणि मला बोलवायचं असेल तर माझं नाव घे. बस, एवढंच. ना चाकू, ना शिवी.

चार दिवस कामावरून बसवलं त्याला. त्याआधी ऑफिसात साक्षीदार विचारले. बाजूच्या फ्रेमवर कोण? मी. काय ऐकलंस? मी म्हणालो, मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

रिंगफ्रेमचा आवाज मोठा असतो हे खोटं नाही. कामावर लागून महिना झाला की माणूस ओठ वाचायला शिकतो, हे पण खोटं नाही. मी सगळं वाचलं होतं.

आणि त्याला माहीत आहे मी कोण ते. १४ एप्रिलला तालुक्याच्या गावी मिरवणुकीत आम्ही समोरासमोर आलो होतो. मी पांढऱ्या सदऱ्यात, कपाळाला निळा. तो हसला, मी मान वळवली. तेव्हापासून गिरणीत तो माझ्याशी जय भीम करत नाही. सगळ्यांशी करतो, माझ्याशी नाही. मला वाटायचं, रागानं. चार दिवसांनी कामावर परत आला तेव्हा पण त्यानं मला काही विचारलं नाही. माझा धागा तुटला होता, मी दुसऱ्या टोकाला होतो, त्यानं जाता जाता सांधला आणि आपल्या फ्रेमवर गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हा माझी चोरी सांभाळतोय. चौदा महिने सांभाळतोय. एकदा तोंड उघडलं असतं तर माझी खोली गेली असती. चिडका, बडबड्या, स्वतःची कसलीच गोष्ट पोटात न ठेवणारा माणूस माझी ठेवून बसलाय.

मग मी बागुलांची गोष्ट पुन्हा काढली. पेटीतून, दार लावून. आधी वाचली तेव्हा काशिनाथ दिसला होता तो चाकूचा. आता दिसला तो वेगळाच. ज्यानं आपल्याला ओळख दिली नाही त्याच्यासाठी तो मारणाऱ्यांच्या मधे पडतो. हिशेब मागत नाही. म्हणजे फकिराचा जो गुण मी वर एवढा वाढवून सांगितला, दुसऱ्यासाठी आपलं खाली ठेवणं, तो इथंही आहेच की. फक्त घोड्यावर बसलेला नाही, म्हणून मला इतके दिवस ओळखू आला नाही.

आणि गोष्ट सांगणारा तो ‘मी’? मार खाऊन झाल्यावर तो म्हणतो की मारणारे हे लोक नव्हतेच, मनू होता, अशा अर्थाचं काहीतरी. फार मोठं वाक्य म्हणून सगळे सांगतात. मोठं आहेच. पण मला यावेळी ते जरा सोयीचं वाटलं. मनू मारतो हे कळतं तुला, मग काशिनाथ एकटा उभा होता तेव्हा तू कुठं होतास बाबा? बागुलांनी हा प्रश्न मुद्दामच उघडा ठेवला असेल. नायकाला पहिल्या पानावर बसवलं नाही, गोष्ट सांगायला चोराला लावलं, आणि नायक बाजूनं जातो-येतो तेवढाच ठेवला. त्यात त्यांची कारागिरी आहे असं जाणकार म्हणतील. मला त्यात न्याय दिसतो. जो चोरतो त्यालाच सांगायला लावायचं.

फकिरा आवडायला मला काही खर्च आला नाही. त्यानं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही, तो शंभर वर्षं लांब आहे, त्याला माझी साक्ष नकोय. काशिनाथ आवडून घ्यायचा तर दुसऱ्या दिवशी पाळीवर त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. म्हणून कार्डावर नाव लिहायला तीन रात्री लागल्या.

तर संपादक, लिहून घ्या : काशिनाथ सकपाळ.

तुम्ही विचारलंय, लेखाखाली टोपणनाव घालायचं का, कवितांना घालतो तसं. मालक वाचणारा माणूस आहे, त्याचा भाचा आपले अंक घेतो असं मला मागेच कळलंय. या महिन्याचं भाडं दिलेलं आहे. नाव पूर्ण छापा, आडनावासकट, आणि गावाचं पण.